मुलाखतीची भीती

विश्रांतवाडीला सामाजिक न्याय भवन आहे. जात पडताळणीच्या कामासाठी विद्यार्थ्यांबरोबर मी तिथे अनेकदा गेलो आहे. परवा परतताना एक मुलगा म्हणाला, "सर, परीक्षेची भीती नाही वाटत. मुलाखतीत वडील काय करतात असं विचारलं की जीभ अडकते." त्याचे वडील महापालिकेत झाडणकाम करतात.

आपल्यातले सुशिक्षित या भीतीला न्यूनगंड म्हणतात आणि इंग्रजी संभाषणाचा वर्ग सुचवतात. हे निदान अपुरे आहे. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना अर्ज पाठवून केलेली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. पात्रता सारखी असूनही दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. तिथे कोणती पदवी कमी पडली होती?

राखीव जागांना घटनेच्या १६(४) कलमाचा आधार आहे, पण तो शासकीय नोकऱ्यांपुरता. खराडीच्या कंपन्यांना तो लागू नाही. मग तयारी कशाची करायची?

आधी कागदांची. अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा असतो. आजोबा शाळेत गेले नसतील तर तो गावच्या दप्तरात शोधावा लागतो. नेमणुकीचे पत्र आल्यावर धावाधाव करून तो सापडत नाही.

दुसरी गोष्ट, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. त्यानुसार नेमून दिलेल्या व्यवसायांत खाजगी कारखान्यांनाही अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखाव्या लागतात. त्यात कायम नोकरीची हमी नाही, पण विद्यावेतन आणि हाताला अनुभव मिळतो. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

राहिला वडिलांचा प्रश्न. शिक्षक होण्यापूर्वी एका मुलाखतीत मी वडिलांचा धंदा 'शेती' असा सांगितला होता. आमच्याकडे गुंठाभर जमीन नव्हती. नोकरी मिळाली, पण वर्षभर मी वडिलांना कचेरीकडे फिरकू दिले नाही. त्यांनी कारण कधी विचारले नाही. ते त्यांना कळले होते.

त्या मुलाला मी हे सांगितले. येत्या रविवारी वसतिगृहावर आम्ही मुलाखतीचा सराव ठेवला आहे. पहिला प्रश्न तोच असेल, आणि पहिले उत्तर मी देणार आहे.