तेल फुप्फुसात उतरतं तेव्हा

बाळाला न्हाऊ घातलं की टाळू भरायची, कानात एक थेंब सोडायचा आणि नाकात दोन. धारवाडजवळच्या रायापूरच्या बाजूला काय नि कोल्हापूरकडे काय, कानडी-मराठी घरांतली ही जुनी रीत. टाळूवरच्या तेलाशी माझं भांडण नाही. नाकातलं तेल मात्र कधीकधी फुप्फुसात उतरतं आणि तिथे लिपॉइड न्यूमोनिया होतो. नाका-घशात तेल घातल्यावर होणाऱ्या या आजाराचं वर्णन लॉफ्लेन यांनी 1925 सालीच करून ठेवलंय.

पाणी श्वासनलिकेत गेलं तर लगेच ठसका लागतो. तेल गुळगुळीत, ते तिथे बोचतच नाही. बाळ खोकत नाही, म्हणून घरचेही निर्धास्त. कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांचं तेलापुढे काही चालत नाही आणि उताण्या बाळाच्या फुप्फुसात ते मागच्या भागात, उजवीकडे जरा जास्तच, ओघळतं.

तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात. पुढचं सगळं ते तेल कसलं यावर. पोट साफ होण्यासाठी देतात ते लिक्विड पॅराफिन त्यांना पचत नाही. पेशी मरते, तेल बाहेर पडतं, दुसरी पेशी ते गिळते. हे महिनोन्‌महिने चालतं आणि हळूहळू फुप्फुस निबर होतं. तुपाचं उलटं: विकरं त्याचं विघटन करतात, त्यातून मेदाम्लं सुटतात आणि तीच जोराचा दाह करतात. साजूक असलं म्हणून फुप्फुस काही त्याची भीड ठेवत नाही.

एक्स-रेत डाग साध्या न्यूमोनियासारखाच दिसतो, फक्त अँटिबायोटिकने हटत नाही. सीटी स्कॅनच्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर, चरबी शून्याखाली. डागाचा आकडा उणे 30 ते उणे 150 आला की संशय बळावतो. पण खरी अडचण आधीच येते. ‘काही औषध देता का?’ असं डॉक्टरांनी विचारलं की आजी ‘नाही’ म्हणते, आणि ते खोटंही नसतं. तेल कुठे औषध आहे? म्हणून तेल घालतो हे न विचारता सांगावं.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर रायापूरहून सत्तूरचं एसडीएम किंवा हुबळीचं पूर्वीचं किम्स रुग्णालय गाठावं. पहिला उपचार तेल थांबवणं. लागेल तसा ऑक्सिजन, क्वचित दुर्बिणीतून फुप्फुस धुणं. स्टेरॉइडबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. नाक चोंदलंच तर डॉक्टरांना विचारून सलाईनचे थेंब घालावेत.