वेळेवर फेडणारे येडे?

ईएमआय कितीला कटतो तुमचा? पाचला की दहाला? माझा पाचला. त्यामुळे चार तारखेच्या रात्री बॅलन्स चेक करणं हे माझं मासिक व्रत आहे. पगार आलाय ना, मेंटेनन्स गेल्यावर पुरेसे उरतायत ना... ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर जे टॉवर दिसतात ना, त्यातल्या कितीतरी खिडक्यांमागं हेच व्रत चालू असतं. वीस-वीस वर्षांचं!

मागे एकदा पगार दोन दिवस लेट झाला आणि हप्ता बाउन्स झाला. बँकेनं दंड लावला, दंडावर जीएसटी लावला, क्रेडिट स्कोअर घसरला तो वेगळाच. 'काय झालं हो, काही अडचण?' असं विचारणारा फोन काही आला नाही.

म्हणूनच कर्जमाफीची बातमी आली की आपल्यासारख्यांच्या डोक्यात जातं. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंनी नागपुरात आंदोलन केलं, हायवे अडला आणि ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असं आश्वासन सरकारनं दिलं. त्या आठवड्यात आमच्या स्लो लोकलच्या डब्यात दुसरा विषयच नव्हता. (फास्ट आपल्याकडे थांबत नाही, ते दुःख पुन्हा कधीतरी.) ग्रुपमधला एक जण तावातावानं म्हणाला, "टॅक्स आपण भरायचा आणि कर्ज त्यांचं फिटायचं. आपलं होमलोन कोण माफ करणार, बोला!" सगळ्यांच्या माना डोलल्या.

राग खरा आहे. पगार हातात पडायच्या आधीच टीडीएस कापला जातो, तेव्हा तो येणारच. पण मग हिशेब पूर्ण मांडूया की! राज्य सरकार कर्जमाफी देतं ती राज्याच्या तिजोरीतून. तिच्यात केंद्राकडून येणारा इन्कम टॅक्सचा वाटा असतो, तसाच जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट आणि फ्लॅट घेताना आपण भरलेली स्टॅम्प ड्यूटीही असते. मोबाइल किंवा बाइक घेणारा शेतकरीही जीएसटी भरतोच. आणि आपण जुन्या टॅक्स रेजिममध्ये होमलोनच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट घेतली असेल, तर तीही सरकारनं सोडलेली रक्कमच.

शिवाय आपण ज्याच्यावर कधी भांडत नाही असा एक आकडा सांगतो. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत केंद्रानं सरकारी बँकांमध्ये ३ लाख १० हजार कोटींहून जास्त भांडवल ओतलं. बँकांना खड्डा पडला होता त्याचं मोठं कारण बड्या कंपन्यांची थकलेली कर्जं. आता 'राइट ऑफ' म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, हे मान्य. पण भांडवल सरकारनंच घातलं ना? त्या पाच वर्षांत आमच्या डब्यात यावरून एकदाही आवाज चढल्याचं मला आठवत नाही.

दादाची सोसायटी

माझा मामेभाऊ सिन्नर तालुक्यात कांदा आणि सोयाबीन करतो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. दिवाळीनंतर फोन झाला तेव्हा मी त्याला डब्यातली चर्चा सांगितली. तो जोरात हसला.

"अरे, मला पण तेच विचारायचंय. माझं कोण माफ करणार?"

"म्हणजे? दादा, तू शेतकरीच आहेस ना?"

"शेतकरी आहे रे, पण थकबाकीदार नाही ना मी!"

आपली सोसायटी म्हणजे पार्किंग आणि पाण्याची टाकी. दादाची सोसायटी म्हणजे गावची विकास सोसायटी, पीककर्ज देणारी. मार्चएंड मात्र दोघांनाही सारखाच छळतो. पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. पण मार्चमध्ये हातात पैसा असतोच असं नाही. कांद्याचा भाव पडलेला असला की विषय संपला. मग गावात काय करतात? 'नवं-जुनं'! म्हणजे कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी व्याजानं पैसे आणायचे, सोसायटीचं जुनं खातं भरायचं, एप्रिलमध्ये नवं कर्ज उचलायचं आणि ज्याचे आणले त्याला परत करायचे.

"माझ्या बांधाला लागून ज्याचं शेत आहे ना, त्याच्यावर आणि माझ्यावर कर्ज सारखंच," दादा सांगत होता. "फक्त मी नवं-जुनं केलं म्हणून कागदावर नियमित, त्यानं केलं नाही म्हणून तो थकलेला. माफी आली की त्याची पाटी कोरी. आणि मी त्या पंधरा दिवसांचं व्याजही खिशातून दिलेलं!"

होमलोनवाले काही काळ बाजूला ठेवा. कर्जमाफीचा सगळ्यात मोठा फटका कुणाला बसत असेल तर तो दादासारख्यांना.

कोणाला काय मिळालं?

२००८ च्या बजेटमध्ये पी. चिदंबरम यांनी ६० हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, पण ३१ डिसेंबर २००७ ला त्याचं कर्ज थकलेलं हवं. त्याआधी बैल विकून कर्ज फेडलं असेल तर मिळणार शून्य. सावकाराकडून कर्ज घेतलं असेल तरीही शून्य. पुढे २०१३ मध्ये 'कॅग'नं या योजनेचा ऑडिट रिपोर्ट दिला. तपासलेल्या ८०,२९९ लाभार्थी खात्यांपैकी ८.५ टक्के लोक पात्रच नव्हते. आणि यादीबाहेरची ९,३३४ खाती तपासली, तर त्यातली १,२५७ पात्र असूनही राहून गेलेली!

२०१७ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारनं ३४ हजार कोटींची योजना आणली. थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी, नियमित फेडणाऱ्याला प्रोत्साहन म्हणून जास्तीत जास्त २५ हजार. डिसेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे सरकारनं दोन लाखांपर्यंतची माफी जाहीर केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पहिली यादी लागलीसुद्धा. नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत देऊ, असं मार्च २०२० च्या बजेटमध्ये सांगितलं गेलं. पैसे खात्यात पडायला लागले ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधे कोविड येऊन गेला, सरकार बदललं.

"मिळाले ना मला," दादा म्हणाला. "पण तोवर दोनदा नवं-जुनं करून झालं होतं."

याचा परिणाम सरळ आहे. माफीची कुजबुज सुरू झाली की लोक हप्ता थांबवतात. का भरायचा? भरला की यादीतून नाव गेलं. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांना जाहीरपणे सांगावं लागलं, की ३१ मार्चच्या आत पीककर्जाचे पैसे भरा. निवडणुकीत कर्जमाफीचं आश्वासन ऐकलेला माणूस त्यावर काय विचार करेल, तुम्हीच सांगा.

आणि हे फक्त गावात होतं असं समजू नका. कल्याण-डोंबिवली महापालिकेनं २०२० मध्ये मालमत्ता कराच्या थकबाकीदारांसाठी अभय योजना आणली होती. मूळ थकबाकी आणि २५ टक्के व्याज एकरकमी भरा, उरलेलं ७५ टक्के व्याज माफ. महापालिकेला वसुली हवी असते, ते समजू शकतं. पण वेळेवर भरणारा त्या वर्षी मनात काय म्हणाला असेल?

आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये तेच झालं. एका फ्लॅटचा तीन वर्षांचा मेंटेनन्स थकला होता. ठराव आला, व्याज सोडून देऊ, मुद्दल तरी येईल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. "माफ करा, माझी ना नाही. त्यांच्या घरात आजारपण आहे, मला माहितीये. पण मग माझ्याकडून लेट फी घेतलीत ना, ती परत द्या. तेव्हा आमचे हे पण हॉस्पिटलमध्येच होते." सेक्रेटरी रजिस्टरमध्ये बघत बसले.

मग करायचं काय?

मदत बंद करा, असं मी म्हणत नाहीये. पाऊस पीक घेऊन गेला तर शेतकऱ्यानं हप्ता कुठून भरायचा? प्रश्न एवढाच की मदतीची अट काय असावी. 'खातं थकलंय' ही अट असेल, तर खातं थकवणंच शहाणपणाचं ठरतं.

आणि दुसऱ्या अटी लावता येतात, आपण बघितलंय. २०२० मध्ये कोविडमुळे ईएमआयला सहा महिन्यांची सवलत मिळाली, आठवतंय? त्या काळातल्या व्याजावरच्या व्याजाची रक्कम केंद्र सरकारनं दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी स्वतः दिली. महत्त्वाचं म्हणजे ज्यांनी सवलत न घेता हप्ते भरले त्यांनाही दिली. अट होती की २९ फेब्रुवारी २०२० ला खातं बुडीत नसावं. माझ्या खात्यात नोव्हेंबरमध्ये दीड हजाराच्या आसपास जमा झाले. रक्कम फार नव्हती, पण वेळेवर भरल्याबद्दल शिक्षा झाली नाही, हे बरं वाटलं.

तसंच ऑक्टोबर २०२५ चं. अतिवृष्टीनंतर राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात पिकाच्या मदतीला माप होतं नुकसानीचं, हेक्टरी इतके रुपये. कर्ज थकलंय का, हा प्रश्न त्यात नव्हता. पीक गेलं असेल तर दादालाही मदत आणि त्याच्या शेजाऱ्यालाही.

तेव्हा पुढची कर्जमाफी जाहीर होईल त्या दिवशी डब्यात भांडायचं असेल तर जरूर भांडू. फक्त 'आपलं होमलोन कोण माफ करणार' यावर नको, कारण त्याचं उत्तर 'कुणी नाही' असंच आहे. जीआर उघडून दोन गोष्टी बघू: मदत नुकसान बघून दिलीय की थकबाकी बघून? आणि नियमित फेडणाऱ्याचे पैसे त्याच महिन्यात मिळणार की पुन्हा अडीच वर्षांनी? उत्तर पटलं नाही तर आपल्या आमदाराला मेल टाका. सिन्नरवाले त्यांच्या आमदाराला विचारतीलच, दादाला मी सांगून ठेवलंय.