उतारवयातील त्वचेवरील वाढी : निर्धास्त केव्हा राहावे, दवाखान्यात केव्हा जावे

चाळिशी उलटली की केस पिकू लागतात, जवळचे वाचण्यास चष्मा लागतो. त्याचप्रमाणे त्वचेवरही काही नव्या खुणा दिसू लागतात. पुष्कळांना त्यांची धास्ती वाटते. काही घरांत तर त्या सांसर्गिक समजून वडीलधाऱ्यांचा पंचा व अंथरूणही वेगळे ठेवले जाते. वस्तुतः यांपैकी बहुतेक वाढी निरुपद्रवी असतात. त्या घरच्या घरी काढण्याचे उपायच अनेकदा अधिक अपायकारक ठरतात.

या वाढींचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिला प्रकार तपकिरी वा काळपट, खरखरीत उंचवट्यांचा. मेणाचा थेंब त्वचेवर चिकटवावा तसे ते दिसतात आणि पाठ, छाती, चेहरा या ठिकाणी येतात. वैद्यकशास्त्रात त्यांना सेबोरिक केराटोसिस म्हणतात. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशींची ही साधी वाढ असून पुष्कळदा ती एकाच कुटुंबातील अनेकांत दिसते. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींच्या गालांवर व डोळ्यांभोवती येणारे बारीक काळे उंचवटे याच जातीचे होत.

दुसरा प्रकार मान, काख व जांघ येथे देठाने लोंबणाऱ्या मऊ चामखिळींचा. स्थूल व्यक्ती, मधुमेही आणि गरोदर स्त्रिया यांच्यात त्या अधिक आढळतात. म्हणून अशा चामखिळी एकाएकी वाढल्यास रक्तातील साखर तपासून घेणे हिताचे. तिसरा प्रकार सूक्ष्म रक्तवाहिन्यांपासून बनलेल्या लालभडक ठिपक्यांचा. खरवडल्यास त्यांतून रक्त येते, एवढाच त्यांचा उपद्रव.

हे तिन्ही प्रकार स्पर्शाने पसरत नाहीत. मुलांच्या व तरुणांच्या हातापायांवर येणारी खडबडीत चामखीळ मात्र विषाणूमुळे होते व ती पसरू शकते. दोहोंना आपण एकच नाव देत असल्यामुळे हा गैरसमज झाला आहे.

घोड्याच्या केसाने वा दोऱ्याने चामखीळ आवळणे, तीवर चुना व सोडा लावणे, बिब्ब्याने डागणे, ब्लेडने कापणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. त्यांमुळे त्वचा भाजते, जखम चिघळते, धनुर्वाताचाही धोका संभवतो. मधुमेही व्यक्तीची जखम तर लवकर भरून येत नाही. शिवाय ती वाढ मुळात कर्करोगाची असेल, तर निदानास विलंब होतो, ही सर्वांत मोठी हानी होय.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे : तीळ वा डाग थोड्या महिन्यांत वाढणे, त्याच्या कडा वेड्यावाकड्या होणे, एकाच डागात निरनिराळे रंग दिसणे, आपोआप रक्त येणे, काही आठवडे उलटूनही व्रण न भरणे, तळपाय, तळहात किंवा नखाखाली नवा काळा डाग उमटणे. अनेक उंचवटे थोड्याच काळात एकदम आले, तरीही तपासणी करून घ्यावी. फिकट वा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो वयाचा परिणाम समजू नये. ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. या रोगावरील औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात व वेळीच उपचार घेतल्यास रोग पूर्णपणे बरा होतो.

निरुपद्रवी वाढींना उपचारांची गरज नसते. कपड्याला वा दागिन्याला घासून त्रास होत असल्यास डॉक्टर विजेच्या उपकरणाने किंवा अतिशीत द्रव नायट्रोजनने त्या काढतात. सावळ्या त्वचेवर त्यानंतर फिकट वा काळसर डाग राहू शकतो. म्हणून केवळ शोभेसाठी त्या काढाव्यात की नाही, याचा विचार आधी करावा.

आपली पाठ आपल्याला दिसत नाही. यासाठी घरातील मंडळींनी वृद्धांना स्नान घालताना वा तेल लावताना त्यांच्या त्वचेकडे व तळपायांकडे लक्ष द्यावे, आणि शंका आल्यास त्यांना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. गावातील शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघर पोहोचविल्यास निष्कारण भीती दूर होईल आणि खऱ्या रोगावर वेळीच उपचार होतील.