ट्रायथलॉनचं पोहणं : दम कमी पडतो की रीत चुकते?

गोव्यातल्या मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली हाफ आयर्नमॅन ही पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग शर्यत सुरू झाली. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-नाशिकच्या टँकवर एक नवी मंडळी दिसू लागली आहेत. वय पस्तीस ते पन्नास. दोन-चार हाफ मॅरेथॉन पळून झालेली, रविवारी सायकलवर शंभर किलोमीटर सहज जाऊन येणारी. पण पाण्यात उतरली की पन्नास मीटरला धाप लागते आणि कठडा धरून उभं राहावं लागतं. मग निष्कर्ष ठरलेला असतो : दम कमी पडतोय, अंतर वाढवू. माझ्या मते नवशिक्याचा सराव इथेच वाट चुकतो आणि पुढचे दोन महिने वाया जातात.

आधी अंतरांचा अंदाज घेऊ. स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये ७५० मीटर पोहायचं असतं, ऑलिंपिक अंतरात १५०० मीटर, हाफ आयर्नमॅनमध्ये १.९ किलोमीटर आणि पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर. हाफमध्ये पोहण्यासाठी साधारण ७० मिनिटं मिळतात. भागाकार केला तर शंभर मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. हा वेग जलतरणपटूचा नाही, शांतपणे आणि नीट पोहणाऱ्या कोणाही प्रौढ माणसाचा आहे. म्हणजे अडचण वेगाची नाही.

‘दम वाढवला की पोहणं आपोआप जमेल’

एकवीस किलोमीटर पळणाऱ्या माणसाचं हृदय आणि फुप्फुसं पुरेशी तयार असतात. पण पाणी हवेपेक्षा जवळजवळ आठशे पट घन आहे. पळताना ढब थोडी बिघडली तरी चालून जातं. पाण्यात शरीर जरा तिरकं झालं की पुढून येणारा विरोध लगेच वाढतो, आणि वेग वाढवायला जावं तर तो विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून चुकीच्या ढबीत जोर लावणारा माणूस पाण्याशी झुंजतच राहतो.

अशा एखाद्या माणसाकडे काठावरून पाच मिनिटं नीट पाहा. तो मान वर करून समोरची भिंत बघत पोहत असतो. मान वर म्हणून कंबर खाली, कंबर खाली म्हणून पाय आणखी खाली. शरीर तिरकं. पाय बुडतात म्हणून तो ते गुडघ्यातून वाकवून जोरजोरात मारतो. श्वासाची वेळ आली की डोकं बाजूला वळवण्याऐवजी वर उचलतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात आधी श्वास सोडतो, मग घेतो. दोन्ही अर्धवट होतात. पुढच्या दोन हातांना पाणी नाकातोंडात जातं आणि खेळ आटोपतो.

यातली खरी गोम श्वास सोडण्यात आहे. पाण्यात जीव घाबरा होतो तो बहुतेक वेळा प्राणवायू संपला म्हणून होत नाही. श्वास घ्यायची अनावर ऊर्मी येते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. श्वास रोखून धरणारा माणूस हा साठा स्वतःच वाढवत असतो. उपाय साधा आहे : तोंड पाण्यात असेल तोवर नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे मान वळवल्यावर फक्त घ्यायचंच काम उरतं. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला कठडा धरून दहा-पंधरा वेळा बुडी मारायची, खाली सगळा श्वास सोडायचा, वर येऊन घ्यायचा. लहान मुलांच्या बॅचमधला हा प्रकार मोठ्यांना कमीपणाचा वाटतो. तो टाळू नये, इतकंच कळकळीने सांगेन.

याच्याच उलट टोकाला एक समज आहे : श्वास रोखून पाण्याखालून लांबी पार करायची, म्हणजे ‘फुप्फुसं मोठी होतात’. हा प्रकार जीवघेणा आहे. आधी जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारली की कार्बन डायऑक्साइड इतका उतरलेला असतो की शरीराची धोक्याची घंटाच वाजत नाही. माणूस पाण्याखाली कसलीही चाहूल न लागता बेशुद्ध होतो. ट्रायथलॉनला याचा काडीचाही उपयोग नाही.

‘बॅचभर न थांबता पोहत राहिलं की सराव झाला’

सगळ्यात मुरलेला गैरसमज हाच. पळण्यात रविवारच्या लाँग रनची सवय असते, तीच माणसं पाण्यात आणतात. पण ढब अजून बसलेली नसताना सलग तीस मिनिटं पोहलं, तर पहिल्या पाच मिनिटांनंतरची पंचवीस मिनिटं थकलेल्या, बिघडलेल्या हातांचा सराव होतो. शरीर तेच शिकतं. पोहणं हे कौशल्य आहे, आणि कौशल्य थोडं थोडं, वरचेवर, ताज्या अंगाने केलं की बसतं. म्हणून आठवड्यातून एकदा दोन तासांपेक्षा तीनदा पाऊण तास केव्हाही चांगला. चारदा जमलं तर आणखी उत्तम.

सार्वजनिक टँकवर पाऊण तासाची बॅच मिळाली, तर तिची मांडणी अशी करता येते. आधी १५० मीटर अगदी सावकाश. मग पंचवीस मीटरचे सहा तुकडे ढबीसाठी : दोन तुकडे एका कुशीवर, खालचा हात पुढे ताणून फक्त पाय मारत, दोन तुकडे पुढे गेलेला हात दुसरा हात येऊन भेटेपर्यंत तसाच ठेवत, दोन तुकडे नेहमीसारखे, पण हात मोजत. एका लांबीला किती हात लागले हा आकडा वहीत लिहून ठेवावा, महिनाभराने तो बोलका ठरतो. मग मुख्य काम : पन्नास मीटर दहा वेळा, प्रत्येकानंतर वीस सेकंद विश्रांती. अट एकच, दहावा तुकडा पहिल्याइतक्याच वेळात आणि तितक्याच हातांत व्हायला हवा. पहिला झपाट्यात मारून दहाव्याला धापा टाकत असाल तर पहिला चुकला. मग शंभर मीटर सैल, आणि शेवटी पंचवीसचे चार तुकडे दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्यावर काढून समोर बघत. एकूण एक किलोमीटर.

आठवड्याची तीन सत्रं एकसारखी नसावीत. एक ढबीचं, एक असं तुकड्यांचं, आणि एक अंतराचं. पहिले चार आठवडे पंचवीस आणि पन्नासच्या पुढे जायचा मोह आवरावा. मग शंभरचे तुकडे, मग दोनशे-तीनशेचे. बाराव्या आठवड्याच्या आसपास स्प्रिंटचं अंतर सलग, न दमता निघायला हवं. दर चौथा आठवडा हलका ठेवावा, खांद्यांना त्याची गरज असते. खांदा दुखत असताना ‘थोडं पोहलं की मोकळा होईल’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नये.

आपला वेग कोणता हे अंदाजाने ठरवण्याचीही गरज नाही. एका दिवशी आधी ४०० मीटर आणि भरपूर विश्रांतीनंतर २०० मीटर, दोन्ही जमेल तितक्या वेगाने पोहून वेळ नोंदवायची. समजा ४०० ला ११ मिनिटं १० सेकंद लागले आणि २०० ला ५ मिनिटं २० सेकंद. फरक ५ मिनिटं ५० सेकंद, तो वाढीव दोनशे मीटरचा, म्हणजे शंभराला २ मिनिटं ५५ सेकंद. साधारण हाच तुम्हाला टिकवता येण्यासारखा वेग, तुकड्यांचा सराव याच्या आसपास करायचा. या वेगाने १.९ किलोमीटरला साडेपंचावन्न मिनिटंही लागत नाहीत. सत्तर मिनिटांची धास्ती घेतलेल्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

पायांबद्दल थोडक्यात. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं बहुतेक काम हात, खांदे आणि पाठ करतात. लांब अंतरात पायांचं काम शरीर आडवं आणि तोललेलं ठेवणं. मांडीचे स्नायू मोठे, त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, आणि पुढे सायकल आणि पळणं त्याच पायांवर करायचं असतं. पाय कमरेतून, सैल घोट्यांनी, हलकेच मारावेत.

‘टँकमध्ये निघतंय, मग समुद्रात निघेलच’

पंचवीस मीटरच्या टँकमध्ये १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लांब्या. मध्ये ७५ वेळा भिंत येते. प्रत्येक भिंत एक ढकल देते, क्षणभर विसावा देते, आणि तळाची काळी रेघ दिशा दाखवते. समुद्रात यातलं काहीच नाही. पाणी गढूळ, आपलाच हात दिसत नाही, लाटेने श्वासाची वेळ चुकते, शेजारच्याचा पाय गॉगलवर बसतो. खारं पाणी जरा जास्त तरंगवतं, एवढी एकच सवलत.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधले १९८५ ते २०१६ या काळातले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना मिळून १३५ नोंदी एका वैद्यकीय अभ्यासात तपासल्या गेल्या. त्यातल्या ९० पोहण्याच्या टप्प्यातल्या होत्या. त्या काळात स्पर्धेत उतरलेल्यांची संख्या पाहता धोका फार थोडा आहे, पण तो कुठे आहे हे यातून कळतं. चाळिशीपुढच्या माणसाने नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. आणखी एक लक्षण माहीत असावं : पोहताना श्रमाच्या मानाने फारच धाप लागली, खोकला सुटला, छातीत घुरघुर झाली किंवा फेसाळ, गुलाबीसर थुंकी आली, तर शरीरातलाच द्रव फुप्फुसांत झिरपत असण्याची शक्यता असते. तिथे जिद्द दाखवायची नसते. हात वर करून मदत मागायची, बाहेर यायचं आणि दवाखाना गाठायचा.

आपल्याकडे या तयारीत ऋतूची मोठी अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. म्हणजे तयारीचे मुख्य महिने आषाढ-श्रावण-भाद्रपद. तेव्हा कोकण-गोव्याचा समुद्र खवळलेला असतो, नद्या पुराच्या, तलाव तुडुंब आणि गढूळ. या दिवसांत उघड्या पाण्यात उतरू नये, सोबत कितीही असली तरी. समुद्राचा सराव उरतो तो शेवटच्या काही आठवड्यांपुरता. म्हणून जमेल तेवढा समुद्र टँकमध्येच आणावा लागतो : भिंतीला पाय न लावता अलीकडूनच वळायचं, रिकाम्या लेनमध्ये सहा-आठ हात डोळे मिटून मारायचे आणि मग समोर बघायचं, म्हणजे आपण कोणत्या बाजूला वाहवतो ते कळतं, तिघा-चौघांनी मिळून एकाच लेनमध्ये अंगाला अंग लागेल असं पोहायचं, मध्येच उताणं होऊन पाच श्वास घ्यायचे आणि पुन्हा सुरू करायचं. हे शेवटचं कौशल्य मी सगळ्यांत वर ठेवेन. उताणं तरंगता येतं हे अंगात मुरलं की भीती ओसरते.

पाऊस सरल्यावर परवानगी असलेल्या, जीवरक्षक असलेल्या ठिकाणी, सोबत घेऊन, कमरेला नारिंगी फ्लोट बांधून उतरावं. धरणांच्या जलाशयांत अनेक ठिकाणी पोहायला बंदी असते आणि ती पाळायलाच हवी. ज्यांची स्पर्धा उन्हाळ्याच्या आसपास आहे, त्यांना मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेतले लहान अंतराचे गट ही चांगली तालीम ठरते.

गावाकडे पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत शिकलेली माणसं यात मागे पडतील असाही समज आहे. माझं मत उलट आहे. तळ न दिसणाऱ्या पाण्यात लहानपणीच सूर मारलेल्या माणसाकडे खोलीची भीती नसते, आणि टँकवर शिकलेल्याला ती घालवायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. विहिरीवाल्याची मान मात्र वर असते, डोकं पाण्यात घालून श्वास सोडणं त्याला नव्याने शिकावं लागतं. ते काही आठवड्यांत होण्यासारखं आहे.

‘थांबलं की बाद, फ्रीस्टाइल सोडली की बाद’

दोन्ही खोटं. हौशी ट्रायथलॉनमध्ये सर्वसाधारणपणे कोणत्याही प्रकारे पोहता येतं. दम लागला तर ब्रेस्टस्ट्रोक, उताणं, काहीही चालतं. कयाक किंवा बोया धरून विश्रांतीही घेता येते, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. हे माहीत नसल्यामुळे माणसं विनाकारण स्वतःला ओढत राहतात.

वेटसूटबद्दलही घोळ असतो. आयर्नमॅनच्या नियमांत हौशी स्पर्धकांना वेटसूट चालतो तो पाणी साधारण साडेचोवीस अंशांपर्यंत असेल तरच. अरबी समुद्राचं पाणी त्या दिवसांत याहून चांगलंच उबदार असतं. परदेशी व्हिडिओ पाहून हजारो रुपये घालण्याआधी आपल्या स्पर्धेचं नियमपत्रक वाचावं. नेहमीचा ट्रायसूट घालूनच टँकवर सराव करावा, कारण तो पाण्यात जरा ओढतो आणि काखेत, मानेशी घासतो. खाऱ्या पाण्यात ते फार झोंबतं, तिथे आधीच पेट्रोलियम जेली लावून ठेवावी.

शेवटच्या दहा-बारा दिवसांत अंतर निम्म्यावर आणावं, पण पाण्यात जाणं थांबवू नये. चार दिवस खंड पडला तरी पाण्याचा अंदाज बोथट होतो. स्पर्धेच्या सकाळी परवानगी असेल तर सुरुवातीआधी पाच-दहा मिनिटं पाण्यात उतरून चेहरा भिजवावा, दोन-चार वेळा बुडबुडे सोडावेत. रांगेत आपल्या वेगाच्या गटात किंवा त्याच्याही मागे, कडेला उभं राहावं. पहिले दोनशे मीटर मुद्दाम सावकाश काढावेत आणि पहिल्या बोयाला वळसा घालेपर्यंत शेजारी किती पुढे गेला याकडे बघू नये.