ही प्रिलिम हलक्यात घेऊ नका!

'प्रिलिमचे मार्क कोण मोजतंय? फायनलला बघू!' हे वाक्य तुम्ही एकदा तरी म्हटलं असेलच. सायकलिंगच्या दुनियेतही अशी एक प्रिलिम आहे. फायनल म्हणजे जुलैमधली टूर दी फ्रान्स आणि प्रिलिम म्हणजे त्याच्या महिनाभर आधी, फ्रान्सच्या आग्नेयेकडच्या डोंगरांत आठ दिवस चालणारी 'दोफिने'. सगळे तिला टूरची रंगीत तालीम म्हणतात. पण तिचा इतिहास एकदा वाचा, मग 'फक्त प्रिलिम' म्हणताना तुम्ही नक्की अडखळाल.

पेपर खपवायला शर्यत

दोफिने हे आल्प्सच्या कुशीतल्या एका जुन्या प्रांताचं नाव. ग्रेनोबल हे तिथलं मुख्य शहर. जर्मनांच्या ताब्यातून सुटका झाल्यावर १९४५मध्ये तिथे एक दैनिक निघालं, 'ल दोफिने लिबेरे'. अर्थ, मुक्त झालेला दोफिने. पेपर नवा, खप तर वाढवायचा होता. मग त्यांनी जुनीच युक्ती काढली, सायकल शर्यत! टूर दी फ्रान्ससुद्धा १९०३मध्ये एका पेपरनेच खपासाठी सुरू केली होती. गणित सोपं आहे. शर्यत तुमच्या गावावरून गेली की दुसऱ्या दिवशी पेपर तुम्ही घेणारच ना? १९४७मध्ये पहिली दोफिने झाली आणि ती जिंकली एदुआर क्लाबिन्स्की या पोलिश रायडरने.

नियम अगदी साधा. रोज एक टप्पा, रोजच्या वेळेची बेरीज आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो विजेता. म्हणजे एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते आणि एका वाईट दिवसात ती हातची जाऊही शकते. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, माहितेय ना? आल्प्समध्ये असे घाट एका दिवसात तीन-चारही येतात. तिथली गालिबिए खिंड २,६४२ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर!

दरीतून थेट फिनिशला

साल १९७७. बेर्नार इनो हा २२ वर्षांचा पोरगा, म्हणजे जवळपास तुमच्याच वयाचा, ग्रेनोबलकडे येणाऱ्या टप्प्यात सर्वांच्या पुढे होता. कोल द पोर्तच्या उतारावर एक वळण चुकलं आणि तो थेट दरीत. टीव्हीवर बघणाऱ्यांना वाटलं, संपलं! तेवढ्यात तो कडेला धरून वर आला, दुसरी सायकल घेतली आणि निघाला. शेवटच्या खड्या चढावर त्राण संपलं, तेव्हा खाली उतरून काही पावलं चालला. पुन्हा सायकलवर बसला आणि टप्पा जिंकला. शर्यतही जिंकली. त्या वर्षी त्याला टूरला पाठवलंच नव्हतं. पुढच्या वर्षी पहिल्याच प्रयत्नात त्याने टूर मारली आणि एकूण पाच वेळा जिंकली.

संध्याकाळी विजेता, रात्री पुन्हा स्टार्टला

त्याआधीचा हिरो जाक आंकेतील. तो पूलिदोरला सतत हरवायचा, तरी फ्रेंच लोकांचं प्रेम मात्र पूलिदोरवर! मग १९६५मध्ये मॅनेजर जेमिनियानीने एक अचाट प्लॅन आखला. दोफिने जिंकायची आणि त्याच रात्री बोर्दो-पॅरिस या साडेपाचशे किलोमीटरहून लांब शर्यतीत उतरायचं. आंकेतीलने आविन्योंला दोफिने संपवली, पूलिदोरला दुसरं ठेवून. तिथून विमानाने बोर्दो गाठलं आणि रात्रीच पॅरिसच्या दिशेने निघाला. अंधारात एकदा तो जवळजवळ सोडूनच देणार होता. पण दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये पहिला पोहोचला तोच. यावेळी टाळ्या त्याच्यासाठीही वाजल्या.

टॉपरचं पुढे काय होतं?

प्रिलिमचा टॉपर फायनललाही टॉप करतो का? बऱ्याचदा हो. मर्क्स (१९७१), इंदुराइन (१९९५), विगिन्स (२०१२), विंगेगार (२०२३) आणि पोगाचार (२०२५) यांनी एकाच वर्षी दोन्ही जिंकल्या. ख्रिस फ्रूमने तर हे तीनदा केलं.

पण २०१४ बघा. शेवटच्या दिवशी कोंतादोर आणि फ्रूम एकमेकांवर नजर ठेवून बसले आणि अमेरिकेचा अँड्र्यू टॅलान्स्की पुढे निसटून शर्यत घेऊन गेला. आणि टूरमध्ये? या तिघांपैकी एकालाही ती पूर्ण करता आली नाही.

२०१९ची गोष्ट तर चटका लावणारी आहे. चार वेळा टूर जिंकलेला फ्रूम टप्प्याआधी फक्त रस्ता बघायला गेला होता. तोल गेला, वेगात भिंतीवर आदळला. मांडी, कोपर, बरगड्या, सगळीकडे फ्रॅक्चर. तो परतला, पण त्यानंतर एकही शर्यत जिंकू शकला नाही. तालमीचीही तालीम होती ती. पण रस्त्याला कुठे माहीत होतं?

नाव गेलं, घाट तेच

२०१०मध्ये शर्यतीची सूत्रं टूरच्या आयोजकांकडे गेली आणि नावातून पेपरचा 'लिबेरे' गळाला. २०२६पासून तर 'दोफिने'ही गेलं. आता ती 'टूर ओव्हेर्न-रोन-आल्प', म्हणजे आजच्या सरकारी विभागाचं नाव. ज्या पेपरने आपल्या मातीचं नाव रस्त्यावर मिरवलं, त्याची खूण आता जुन्या चाहत्यांच्या बोलण्यातच उरेल.

घाट मात्र तेच आहेत. वेळ मिळाला की इनोच्या १९७७च्या पडण्याचा व्हिडिओ नक्की शोधा. दरीतून वर येणारं ते पोरगं बघा आणि सांगा, 'हे मार्क मोजतात का?' असं त्याने कुणाला विचारलं असेल?