दोन टनांची फोर्कलिफ्ट दोन टन कधी उचलते?

इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट या एकाच नावाखाली कामाने अगदी वेगवेगळी यंत्रे विकली जातात. मागच्या बाजूला जड वजन असलेली काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट, उंच रॅकसाठीचा रीच ट्रक, मागून चालत चालवायचा स्टॅकर आणि गोदामात ‘बीओपीटी’ म्हणून ओळखला जाणारा बॅटरीचा पॅलेट ट्रक ही त्यांतली नेहमीची. खरेदीदाराचा पहिला प्रश्न मात्र ‘किती टनांची?’ असाच असतो, आणि निवड बहुतेक वेळा तिथेच फसते.

दोन टनांची गाडी दोन टन उचलणारच, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. नेमप्लेटवरचे 2,000 किलो अटींसह दिलेले असतात. या वर्गातल्या काउंटरबॅलन्स गाड्यांसाठी लोड सेंटर 500 मिलिमीटर धरतात. म्हणजे मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या भागापासून तेवढ्याच अंतरावर असायला हवा. 1200 बाय 1000 मिलिमीटरचे पॅलेट रुंद बाजूने उचलले तर हे गणित जमते. तेच पॅलेट अरुंद बाजूने उचलले की लोड सेंटर 600 वर जाते. गाडी ही तरफच आहे आणि पुढची चाके हा तिचा टेकू. चाकांच्या आसापासून फोर्कपर्यंतचे अंतर 400 मिलिमीटर धरले, तर 900 मिलिमीटरवर 2,000 किलो तोलणारी गाडी 1,000 मिलिमीटरवर 1,800 किलोच तोलते. मास्ट (फोर्क वर नेणारा उभा सांगाडा) उंच गेला, साइडशिफ्ट किंवा क्लॅम्पसारखे जोडउपकरण बसवले की क्षमता आणखी उतरते. म्हणून सर्वांत वरच्या रॅकवर किती किलो चालतील, हा आकडा विक्रेत्याकडून लेखी घेतलेला बरा. कॅटलॉगच्या पहिल्या पानावर तो सहसा सापडत नाही.

टनाइतकाच, किंबहुना त्याहून आधी, विचार व्हायला हवा तो दोन रॅकमधल्या वाटेचा. काउंटरबॅलन्स गाडीला पॅलेट घेऊन काटकोनात वळायला साधारण साडेतीन मीटर रुंदी लागते, रीच ट्रकचे 2.7 ते 3 मीटरमध्ये भागते. मोठ्या गोदामात हा फरक रॅकची एखादी जादा रांग मिळवून देतो. मग सगळीकडे रीच ट्रकच का नको? कारण त्याची छोटी पॉलियुरेथेनची चाके सपाट काँक्रीटवरच नीट चालतात. आवारातले उखडलेले पेव्हर ब्लॉक त्यांच्या कामाचे नाहीत. भिवंडीसारख्या ठिकाणी, जिथे माल उघड्या आवारात ट्रकमधून उतरतो आणि आत उंच रॅकवर चढतो, तिथे एकच गाडी दोन्ही कामे करील ही अपेक्षा गैर. बाहेर काउंटरबॅलन्स आणि आत रीच ट्रक अशी जोडी लागते. नुसते पॅलेट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचे असेल, तर बीओपीटी पुरतो.

तीन चाकांची गाडी हमखास उलटते, हाही पक्का बसलेला समज. चार चाकांच्या बहुतेक गाड्यांचा मागचा आस मधोमध एकाच खिळीवर डोलता असतो, त्यामुळे त्यांचाही तोल सुरुवातीला तीन बिंदूंवरच सांभाळला जातो. चार चाकांचा फायदा खडबडीत जमीन आणि उतारावर दिसतो; अरुंद जागेत तीन चाकांची गाडी अधिक चपळ.

मास्ट जितका उंच तितका चांगला, असेही नसते. साध्या 20 फुटी कंटेनरच्या दाराची उंची सुमारे 2.28 मीटर असते. मिटलेला मास्ट त्याहून उंच असेल तर गाडी आत जाणारच नाही. आत गेल्यावरही मास्ट न वाढता फोर्क वर जायला हवेत. त्यासाठी ‘फुल फ्री लिफ्ट’ मास्ट मागावा लागतो.

इलेक्ट्रिक गाडी पावसात चालत नाही, हे आता सरसकट खरे नाही. पाणीरोधक बांधणी आणि योग्य टायर असलेली मॉडेल बाहेरही काम करतात. पण केवळ आतल्या वापरासाठी बनवलेली गाडी जुलैच्या पावसात आवारात काढणे म्हणजे कंट्रोलर बिघडवून घेणे.

बॅटरीबाबत मत लगेच दोन टोकांना जाते. लेड-ॲसिड बॅटरी एका पाळीचे काम करते, पण पूर्ण चार्ज व्हायला आठेक तास घेते. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो, म्हणून जागा हवेशीर हवी. दोन-तीन पाळ्यांच्या कामाला मधल्या सुट्टीत चार्ज होणारी लिथियम बॅटरी सोयीची. तरी जुन्या गाडीत ती नुसती बदलून चालत नाही. लेड-ॲसिड बॅटरीचे वजन गाडीच्या तोलात धरलेले असते. नेमप्लेटवर दिलेले बॅटरीचे किमान वजन लिथियमने भरत नसेल तर वेगळे वजन बसवावे लागते. शीतगृहातही सावधगिरी हवी: शून्याखाली बहुतेक लिथियम बॅटऱ्या आधी गरम केल्याशिवाय चार्ज करता येत नाहीत.

विजेच्या जोडणीचा विचार तर बहुधा शेवटी होतो. 48 व्होल्ट, 600 ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे 29 युनिट मावतात. रात्री आठ तासांत ती भरायची तर चारेक किलोवॉट पुरतात, दोन तासांत भरायची तर 15 लागतात. अशा पाच गाड्या एकाच वेळी जोडल्या की मागणी 75 किलोवॉटवर जाते, आणि गोदामाचा मंजूर भार त्याला पुरतो का, हे गाड्यांची ऑर्डर देण्याआधीच तपासावे लागते.