आधी सगळं बाहेर

मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारा अवयव, ही ओळख शाळेत होते आणि बहुतेकांच्या मनात जन्मभर तेवढीच राहते. पण गाळणं हा त्याच्या कामातला सोपा भाग. खरं कसब त्यानंतर सुरू होतं.

कण्याच्या दोन्ही अंगांना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढी ही दोन पिंडं असतात. वर यकृत असल्यामुळे उजवं किंचित खाली. दोन्ही मिळून वजन शरीराच्या जेमतेम अर्धा टक्का, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे वळतो. प्रत्येकात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिच्या पुढची नलिका मिळून झालेले सूक्ष्म घटक. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो. तो सतराव्या शतकात माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने पाहिला, आणि त्याभोवतीची पिशवी पुढच्या नलिकेला जोडलेली आहे हे 1842 मध्ये इंग्रज डॉक्टर विल्यम बोमन यांनी दाखवलं.

या गुंत्यात रक्ताच्या दाबाने पाणी बाहेर पडतं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात. मीठ, साखर, अमिनो आम्लं, युरिया, सगळं पाण्याबरोबर जातं. दिवसाला सुमारे 180 लिटर! अंगात रक्तद्रव असतो तीनेक लिटर, म्हणजे तोच रोज साठेक वेळा गाळला जातो. त्यातून दीडेक किलो मीठ बाहेर पडतं. आणि लघवी होते फक्त दीड-दोन लिटर. उरलेलं सगळं नलिका परत उचलतात.

एवढी उलाढाल कशासाठी? दिवाळीच्या साफसफाईत घरातलं सगळं अंगणात काढतात आणि हवं तेवढंच आत घेतात, तशी ही रीत आहे. त्यामुळे घातक काय, हे मूत्रपिंडाला एकेक करून ओळखावं लागत नाही. ओळखायचं ते हवं असलेलं. गाळून बाहेर आलेला अनोळखी पदार्थ, कुणी परत उचलला नाही, की आपोआप निघून जातो. ही युक्ती मला शरीरातल्या सर्वांत शहाण्या युक्त्यांपैकी एक वाटते.

परत उचलणं मात्र कष्टाचं आहे. नलिकेच्या पहिल्याच वळणदार भागात सुमारे दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत घेतलं जातं, साखर तर जवळजवळ सगळी. रक्तातली साखर फार वाढली की ती उचलणारी प्रथिनं कमी पडतात आणि साखर लघवीत उतरते. पुढे नलिकेचाच भाग असलेला हेन्लेचा फास मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरून वर येतो. तिथे तो क्षार असे साठवतो की गाभ्याची क्षारता रक्ताच्या चौपट होऊ शकते. अंगात पाणी कमी पडलं की मेंदूतून एक संप्रेरक सुटतं, शेवटच्या नलिकांची दारं उघडतात आणि तो खारा गाभा त्यांच्यातलं पाणी ओढून घेतो. मग लघवी थोडी आणि गडद होते.

तिथून मूत्रवाहिनी. पाऊण फुटाहून थोडी लांब असलेली ही नळी स्नायूंच्या लाटांनी लघवी पुढे ढकलते, म्हणून आडवं पडलं तरी ती मूत्राशयात पोचतेच. तिच्यात मुतखडा अडकला की मागे लघवी तुंबते, नळी ताणते, आवळते, आणि माणूस अक्षरशः लोळतो. मूत्राशयाच्या भिंतीत ही नळी तिरकी शिरते. मूत्राशय भरलं की भिंतीच्या दाबाने तिचं तोंड मिटतं आणि लघवी उलटी चढत नाही.

मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर मावतं. भरल्याची जाणीव त्याच्या खूप आधी होते, आणि रिकामं करायची वेळ ठरवायची मुभा मेंदूने आपल्याकडे ठेवली आहे. ही मुभा आपल्याकडच्या बायकांना शिक्षेसारखी भोगावी लागते. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, उसाच्या फडात स्वच्छ आडोसा नसतो, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मूत्रपिंड निमूटपणे पाणी वाचवत राहतं. पण लघवी घट्ट होते, तासन्‌तास कोंडली जाते, आणि स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असल्याने जंतूंना वर चढायला वेळ लागत नाही. मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली, ती याच कोंडमाऱ्यातून. स्वच्छ आडोशाची ही मागणी सोयीची नव्हे, आरोग्याची आहे.

नेफ्रॉन जन्मानंतर नवे तयार होत नाहीत. काही गेले की उरलेले जास्त काम करतात, त्यामुळे निम्मी क्षमता गेली तरी माणसाला पत्ता लागत नाही आणि मूत्रपिंडाचं काम जोखायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिनही फारसं वाढलेलं नसतं. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांची लघवीतली प्रथिनं दरवर्षी तपासतात, ती यासाठीच.

मूत्रपिंडं निकामी झाली की डायलिसिस. नेदरलँड्समधल्या कांपेन गावी, युद्धाच्या टंचाईत, विलेम कोल्फ या डॉक्टरांनी 1943 मध्ये फिरत्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून पहिलं उपयोगी यंत्र चालवलं. 1945 मध्ये त्यावर पहिली रुग्ण वाचली. आजचं यंत्र त्याहून कितीतरी सुरक्षित आहे. तरी आठवड्यातून तीनदा, चार-चार तास म्हटलं तर 168 तासांपैकी बारा तास. शिवाय ते विष काढतं, जादा पाणी काढतं. पण कशाची किती गरज आहे हे क्षणाक्षणाला जोखून परत घेणारी नलिका त्यात नाही. म्हणून रुग्णाला पाणी मोजून प्यावं लागतं, नारळपाणी आणि केळंसुद्धा टाळावं लागतं. रक्तपेशी बनवायला सांगणारं, एरवी मूत्रपिंडातून येणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरकही यंत्र देत नाही. त्याचं इंजेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

ती नलिका परत मिळवायची तर दुसऱ्याचं मूत्रपिंडच हवं. ते जांघेच्या वर, ओटीपोटात बसवतात आणि जुनी दोन्ही बहुधा जागेवरच ठेवतात. जिवंत दात्याकडे उरलेलं एक मूत्रपिंड थोडं मोठं होतं. त्यात नेफ्रॉनची संख्या तीच राहते, फक्त प्रत्येक जण जास्त गाळतो आणि जास्त परत उचलतो.